सात-बावीसची तार

मी एक जुनी तार आहे, विजेची. खामगावात रहेमतुल्ला मिस्त्रीच्या दुकानात, दाराच्या डाव्या हाताला एका खिळ्यावर माझा हातभर तुकडा टांगलेला आहे. माझ्या अंगावरचं सुताचं वेष्टण एका बाजूने जळालं आहे आणि आतलं रबर फुगून फाटलं आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. शूर तारांच्या गोष्टी तुम्हाला दुसरीकडे ऐकायला मिळतील. माझी गोष्ट भीतीचीच आहे, आणि ती भीती खोटी नव्हती एवढंच माझं म्हणणं आहे.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. तिथे तांब्याची कांब एका भोकातून ओढतात, मग त्याहून लहान भोकातून, मग त्याहून लहान. जितकं जास्त ओढावं तितकी तार बारीक होत जाते आणि तितका तिचा नंबर वाढत जातो. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण यावरूनच घडलं. अठरा नंबरची तार जाड असते आणि बावीस नंबरची बारीक. मी बावीस नंबरच्या सात तारा एकत्र पिळून बनलेली, म्हणून माझं नाव सात-बावीस. वरून रबर चढवलं, त्यावर कापसाच्या सुताचं विणलेलं वेष्टण घातलं, त्याला काळं मेण पाजलं आणि पत्र्याचा बिल्ला अडकवून मला वेटोळं करून बांधलं. माझी थोरली बहीण सात-अठरा माझ्या शेजारीच बांधली जात होती. ती चांगली धष्टपुष्ट होती. चाळीस दिवे ओढायला सांगितले तरी तिला घाम फुटला नसता. माझ्या नशिबी एखाद्या घरचे दहाबारा दिवे असतील, असं मी धरून चालले होते आणि तेवढ्यात माझं समाधान होतं.

वेटोळ्यांच्या ढिगातून मी मलकापूरच्या एका दुकानात आले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. कापसाचा हंगाम सुरू होता आणि दुकानात गर्दी मावत नव्हती. एके दिवशी तिथे उकंडराव आले. मोताळ्याच्या रस्त्यावर, रोहिणखेडच्या अलीकडे कापसातली सरकी काढणारी एक लहानशी जिनिंग होती, तिथले ते मुकादम. माणूस मनाने मोकळा, कामाला वाघ, पण आपलं चुकू शकतं ही गोष्ट त्यांना कोणी कधी सांगितलेलीच नव्हती.

त्या जिनिंगमध्ये त्या वर्षी पहिल्यांदाच विजेचे दिवे लागायचे होते. गावात खांब यायला अजून अवकाश होता. पण जिन फिरवणारं तेलाचं इंजिन होतं, आणि त्याच्याच पट्ट्यावर वीज काढणारा एक डायनामो बसवला की शेडमध्ये पंचवीस दिवे लागतील, असा हिशेब रहेमतुल्ला मिस्त्रीने करून दिला होता. डायनामो बसवून झाला आणि मिस्त्रीला खामगावच्या तेलघाणीतून बोलावणं आलं. जाताना तो उकंडरावांना बजावून गेला होता. शेवटचा दिवा शंभर पावलांवर आहे, विजेची ओढ मोठी आहे, तेव्हा सात-अठराची तार आणा आणि अठराच्या खाली येऊ नका.

दुकानदाराने सांगितलं की अठरा संपली, वीस आहे आणि बावीस आहे. उकंडरावांनी क्षणभर विचार केला. मग मिशीवर हात फिरवून ते म्हणाले, "बावीसची द्या. मिस्त्रीनं अठराच्या खाली येऊ नोका म्हनलं, आपून चार नंबर वरच जाऊ."

दुकानदारापुढे पाच गिऱ्हाइकं उभी होती, त्याने काही विचारलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, बावीस म्हणजे वर नाही, खाली. पण तारेला तोंड नसतं. मला खांद्यावर टाकून उकंडराव बैलगाडीकडे निघाले. वाटेत भेटेल त्याला सांगत होते की मिस्त्रीने मागितली त्याहून भारी तार आणली आहे. असं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही, आणि तेव्हाही मला त्याचा एक शब्द गोड लागला नाही.

मिस्त्री येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं. पण तेलघाणीचं काम लांबलं आणि इकडे कापसाच्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहू लागल्या. तीन दिवस वाट पाहून उकंडरावांनी निवृत्तीला कामाला लावलं. निवृत्ती इंजिन चालवायचा. इंजिन नुसतं खोकलं तरी त्याला दुखणं कळायचं, पण विजेची त्याला काडीचीही माहिती नव्हती. मिस्त्रीला काम करताना पाहिलं होतं तेवढ्यावर त्याने तार अडकवायचे चिनी मातीचे ठोकळे आढ्याला ठोकले आणि मला शेडभर ओढलं. शेवटच्या टोकाला मी कमी पडले. मग त्याने दुसऱ्या वेटोळ्यातला तुकडा मला पिळून जोडला आणि वर कापडी पट्टी गुंडाळली. तो जोड नेमका कुठे आला होता, ठाऊक आहे? रुईच्या ढिगाच्या डोक्यावर. रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस. तो पेटायला काडीसुद्धा लागत नाही, ठिणगीची आठवण पुरते.

पहिल्या संध्याकाळी डायनामो फिरला आणि माझ्यातून वीज निघाली. अंगावरून शेकडो माणसं तुडवत गेली की काय, असं मला झालं. पंचवीस दिवे मागत होते आणि द्यायला वाट एवढीशी. थोड्याच वेळात माझं अंग कोमट झालं, मग ऊन. खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनाजवळचे दिवे लख्ख होते. पण शेडच्या टोकाला दिवे पिवळट, आजारी माणसाच्या डोळ्यांसारखे होते. मित्रांनो, त्याचं कारण मीच होते. अर्धी ताकद माझ्यातून वाट काढण्यातच खर्च होत होती, आणि वाटेत खर्च झालेली ताकद नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. दिवे मंद दिसत होते तेवढी मी तापत होते.

त्या टोकाच्या जिनवर नूरबी बसायची. रोहिणखेडची, वयाने पंचविशीची. फिरत्या रुळाच्या तोंडात मूठमूठ कापूस घालायचं तिचं काम. हात जरा पुढे गेला तर बोटं जायची, म्हणून तिला उजेड हवा असे. तिची आठ महिन्यांची मुलगी शबाना जवळच झोळीत निजलेली असे. पौषातली थंडी होती, पोरीला बाहेर झाडाला बांधणं शक्य नव्हतं. नूरबीने झोळी आढ्याला बांधली होती. माझा तो जोड झोळीच्या बरोबर वर होता.

दोन दिवसांनी नूरबीने उकंडरावांना सांगितलं की टोकाला दिसत नाही. उकंडरावांनी मन मोठं केलं आणि टोकाचे चारही दिवे काढून दुप्पट मोठे लावायला सांगितले. अधिक उजेडासाठी अधिक वीज, आणि ती सगळी माझ्याच अंगावरून. उजेड तसूभर वाढला नाही. मी मात्र इतकी तापले की वेष्टणातलं मेण पाझरू लागलं.

त्या वेळी मला एकच आधार होता. डायनामोशेजारच्या फळीवर फ्यूजमध्ये मिस्त्रीने एक केसासारखी बारीक तार बसवली होती. ओढ वाढली की ती आधी वितळायची, वीज बंद पडायची आणि बाकी सगळे वाचायचे. मोठे दिवे लागले त्या संध्याकाळी ती एकदा तुटली. निवृत्तीने नवी घातली, तीही तुटली. इंजिन, बाया, गाड्या सगळं खोळंबलं. उकंडराव वैतागले आणि म्हणाले की मजबूत घाल काहीतरी. निवृत्तीने माझ्याच उरलेल्या तुकड्यातले चार पदर पिळून तिथे बसवले. ते आता तुटणार नव्हते. तुटायचं झालं तर मीच तुटणार होते, आणि मी जिथे तुटेन तिथे खाली रुई होती. त्या क्षणापासून मी भीतीशिवाय दुसरं काही जगलेच नाही.

दुपारभर मी थंड असे, तेव्हा खाली पाहायला धीर होई. बाया गाणं म्हणत, शबाना झोळीतून एक पाय बाहेर काढून हवेत नाचवी. तिचे तळवे मला वरून स्पष्ट दिसत. मग इंजिनाचा पट्टा डायनामोवर चढे आणि मी मनात मोजायला लागे. किती वेळ दिवे लागतील, किती वेळ मला धरून राहायचं. माझ्या सातही तारांची बोटं घट्ट आवळून मी तो जोड धरून ठेवत असे. तारेला देव असतो की नाही मला माहीत नाही, पण मी रोज कोणाची तरी विनवणी करत होते.

एका संध्याकाळी माझ्या अंगातला एक काळा थेंब सुटला आणि झोळीच्या पांढऱ्या कापडावर पडला.

नूरबीने तो बोटाने पुसला, वास घेतला आणि वर पाहिलं. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. इतके दिवस खालून कोणीही माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत उकंडराव बायांना तारेची कहाणी रंगवून सांगत होते, अठरा मागितली आणि बावीस आणली ती. नूरबीचा भाकरीचा घास हातातच राहिला. तिचे वडील फकीर मोहम्मद विणकर होते. तिचं लहानपण सुताच्या लडींमध्ये गेलं होतं.

"मुकादमभाऊ," ती हळू म्हणाली, "आमच्या अब्बाच्या मागावर वीस नंबरचं सूत जाडं आन् साठ नंबरचं बारीक. नंबर वाढला का सूत बारीक होते. तारीचंही तसंच तं नसन?"

सगळ्या बाया हसल्या. उकंडरावही हसले. सुताचं सुतापाशी ठेव, म्हणाले, मिस्त्रीपेक्षा तू शहाणी झालीस का. त्यांचं बोलणं रागाचं नव्हतं, पण त्यापुढे बोलायला वाट राहिली नाही. नूरबी पुन्हा जिनवर जाऊन बसली. हंगामाचं काम होतं, ते गेलं तर दुसरं मिळायला पुढचं वर्ष उजाडलं असतं. तिने फक्त झोळी सोडून दोन हात बाजूला बांधली. मी वरून तळमळत होते. अगं, दोन हातांनी काय होतंय, मी तर शेडभर पसरलेली आहे.

तिसऱ्या दिवशी मलकापूरच्या रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमधून निरोप आला की परवा सकाळी रेल्वेची वॅगन लागणार आहे, रुई उद्या पोचली पाहिजे. उकंडरावांनी ठरवलं की आज दिवे लागल्यावर दोन तास जास्त काम चालेल. इंजिनाचा वेग वाढवला, म्हणजे दिवे जरा उजळतील. वेग वाढला तशी माझ्यातली ओढ आणखी वाढली. कापडी पट्टी आतून करपू लागली. मला माझाच वास येत होता. जोडातल्या तारा एकमेकींना चटके देत होत्या आणि मी मनात एकच घोकत होते, आत्ता नको, आत्ता नको.

तो वास नूरबीलाही आला. तिने हातातला कापूस खाली टाकला, झोळीतून पोरीला उचललं आणि कडेवर घेऊन ती तडक इंजिनाकडे गेली. कामाच्या वेळी जिन सोडून उठायची तिथे रीत नव्हती. साऱ्या शेडच्या माना तिच्याकडे वळल्या.

"निवृत्तीभाऊ, पट्टा काढा," ती म्हणाली. "तुम्ही नाही काढला तं मी साऱ्या बायाइले घेऊन बाहेर जाईन. काम गेलं तं जाऊ द्या."

निवृत्तीने उकंडरावांकडे पाहिलं. उकंडराव लाल झाले होते. काही नाही, नुसता नव्या रबराचा वास आहे, असं म्हणत ते तावातावाने शेडच्या टोकाला आले. कापसाच्या बोऱ्यावर चढले आणि सगळ्यांना दाखवण्यासाठी त्यांनी मला जोडावरच मुठीत धरलं.

मित्रांनो, ती मूठ मी आजही विसरलेले नाही. ज्या माणसाने मला खांद्यावर मिरवत आणलं होतं त्याचा तळहात मी भाजला. त्यांनी हात झटकला, तशी करपलेली पट्टी सुटली आणि तिचा निखाऱ्यासारखा लाल तुकडा बाजूला उडाला. तो रिकाम्या झोळीत पडला. पोरगी निजायची तिथे कापडाला भोक पडलं आणि ते भोक कडेकडेने वाढत गेलं.

निवृत्तीने दांड्याने पट्टा उडवला आणि इंजिन बंद केलं. दिवे गेले. संधिप्रकाशात मला फक्त झोळीच्या कापडावर सरकणारी लाल कड दिसत होती आणि तिच्याखाली दोन हातांवर पांढरी रुई. नूरबी धावत आली, तिने पोर शेजारणीच्या हातात दिली, आगीसाठी पाण्यात भिजवून ठेवलेलं गोणपाट ओढून आणलं आणि झोळीसकट सगळं त्यात गुंडाळून बाहेर फेकलं. बायांनी मागून बादल्या ओतल्या. विझलं. इंजिन थांबलं होतं, त्यामुळे सगळ्यांना एकमेकांचा श्वास ऐकू येत होता.

उकंडराव भाजलेला हात धरून बोऱ्यावरच बसले होते. त्यांनी नूरबीकडे पाहिलं.

"माह्या हातानं आनली होती मी," ते म्हणाले. "साऱ्याइले सांगत होतो, भारी तार हाये म्हनून."

रागावणं सोपं होतं, पण कोणी रागावलं नाही. नूरबीने त्यांच्या हाताला लावायला तेल आणलं. ते लावताना तीही रडत होती, आणि तिचं रडणं वाचल्याचं होतं की घाबरल्याचं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी उकंडराव स्वतः खामगावला गेले आणि मिस्त्रीला घेऊन आले. रहेमतुल्ला मिस्त्रीने आधी फ्यूजमधले माझे चार पदर काढून खिशात घातले. मग तो शेडमध्ये आला आणि त्याने माझं जळकं अंग नीट पाहिलं. त्याने पिशवीतून सात-अठराचा तुकडा काढला, माझ्याशेजारी धरला. माझ्यासारख्या तीन एकत्र केल्या तेव्हा कुठे थोरलीची जाडी भरली.

"खाली म्हंजे जाडीत खाली म्हनलो मी, नंबरात नाही," तो उकंडरावांना म्हणाला. मग स्वतःशीच बोलावं तसं पुढे म्हणाला, "तुमाले हातात धरून दाखवाले पाह्यजे होती. चूक माहीबी हाये."

मग त्याने सगळ्यांना बसवून सांगितलं. तार घेताना दोन गोष्टी आधी पाहायच्या. तिला एकूण किती दिवे ओढायचे आहेत, आणि किती लांब जायचं आहे. दिवे वाढले तर जाड तार हवी. वाट लांबली तरी जाड तार हवी. टोकाचा दिवा मंद जळला तर दिवा मोठा करायचा नाही, तारेला हात लावून पाहायचं. तोही वीज बंद करून. आणि फ्यूजची तार तुटली तर तिला शिव्या द्यायच्या नाहीत, ती का तुटली ते शोधायचं. नूरबी मागे उभी होती. मिस्त्रीने तिला पुढे बोलावलं आणि सुताची गोष्ट सगळ्यांसमोर पुन्हा सांगायला लावली. या वेळी कोणी हसलं नाही.

माझ्या जागी सात-अठरा आली. टोकाचे दिवे इंजिनाजवळच्या दिव्यांइतकेच लख्ख जळू लागले. वॅगन चुकली ती चुकलीच. मला काढताना मिस्त्रीने धडधाकट भाग वेगळे केले. कुठे एका दवाखान्यात, कुठे एका घरात, चार-चार दिव्यांपुरते ते आजही गार राहून काम करत असतील. त्यांचा मला हेवा वाटतो. हा जळका जोड मात्र त्याने दुकानात आणला आणि खिळ्याला टांगला. शेजारी थोरल्या बहिणीचा तुकडा टांगला.

आता गावोगावी विजेचे खांब येत आहेत. लोक विहिरीवर मोटर बसवायला म्हणून तार न्यायला येतात. कापूस विकून आलेले असतात, घाईत असतात. रहेमतुल्ला मिस्त्री कोणालाच लगेच तार देत नाही. आधी तो आम्हा दोघींकडे हात करून विचारतो, यातली बावीसची कोणती आणि अठराची कोणती. मित्रांनो, दहांतले नऊ जण थोरलीकडे बोट करून बावीस म्हणतात. मग मिस्त्री त्यांना खिळ्यावरून आम्हाला काढून हातात देतो. काही जण माझं जळकं अंग पाहतात, चाचपतात आणि विहिरीपासून खांबापर्यंतची पावलं मोजून यायला परत गावी जातात. तेव्हा मला जरा बरं वाटतं.

पण काही जणांना थांबायला वेळ नसतो. ते मिस्त्रीचं बोलणं अर्धवट ऐकतात, पुढच्या दुकानात जातात आणि मला ऐकू येईल असं म्हणतात, "बावीसचीच द्या, मोठी." मी खिळ्यावर लटकत असते. ते दूर जाताना मला दिसतात. त्यांच्या खांद्यावर माझ्यासारखीच एखादी वेटोळ्यात बांधलेली असते, आणि तिला तोंड नसतं.

म्हणून हे तुम्हाला सांगितलं. तुमच्या घरी कोणी तार आणायला निघालं, तर त्यांना दारातच अडवा आणि विचारा, दिवे किती, वाट किती लांब. ते चिडतील. चिडू द्या.